पपई लावली का वं?

वरूड तालुक्यात मी लग्न-बारशाचा स्वयंपाक घेते, त्याला आता 14 वर्षं झाली. दीडशे पानांपर्यंत घरचीच माणसं पुरतात, त्यावर गेलं की शेजारगावच्या बाया बोलावते. वांग्याची भाजी, पाटवडी-रस्सा, रोडगे, मटण, यातलं काहीही झोपेतून उठवून करायला सांगा. पण काडीला टोचलेला पदार्थ मी या फेब्रुवारीपर्यंत केला नव्हता.

एका संत्रा बागायतदार भाऊंकडचं काम आलं. लग्नाला 25 वर्षं झाली म्हणून बगीच्यातल्या घरी संध्याकाळचा कार्यक्रम, माणसं ऐंशी. जेवण नेहमीचंच. फक्त जेवणाआधी फिरवायला काहीतरी पाहिजे, आणि ते काय हे त्यांची पुण्याला नोकरी करणारी पोरगी ठरवणार. तिनं मोबाइलवर फोटो पाठवला. काडीवर सॉसेजचा तुकडा, त्याला चिकटून अननसाची फोड, वरून चकाकणारा पाक. खाली लिहिलेलं, "काकू, गोड आणि तिखट एकाच घासात लागलं पाहिजे."

गोड-तिखटाचं मला काही नवल नाही. जांबाला, म्हणजे पुण्याकडे ज्याला पेरू म्हणतात त्याला, तिखट-मीठ लावल्याशिवाय आमच्याकडे कोणी तोंड लावत नाही. प्रश्न सॉसेजचा होता. दिराच्या पोरानं नागपूरहून थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून चिकन सॉसेजची आठ पाकिटं आणली. अर्ध्या किलोचं एक पाकीट, एकात दहा नग. सासूबाईंनी पेटीत डोकावून पाहिलं.

"हे त पोंगे दिसून राह्यले."

मी त्यांना सांगितलं, मूळ रीत म्हणजे खिमा आतड्यात भरायचा. आताचे कारखान्यात नळीत शिजवतात आणि वरचं साल काढून टाकतात, त्यामुळे ते शिजलेलेच येतात, आपण नीट गरम करायचे आणि वरून रंग आणायचा. आयुष्यभर वजडी खाल्लेल्या बाईला आतड्याचं ऐकून काही वाटलं नाही. साल काढतात याचं मात्र वाईट वाटलं. "चवीचं त तेच असते."

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी या आठांखेरीज एक जास्तीचं पाकीट फोडून करून पाहिलं होतं. तेव्हा अननस डब्यातला वापरला. झकास झालं. फक्त डब्यातला अननस साखरेच्या पाण्यात मुरलेला, गोडमिट्ट. मला वाटलं, ताजा घातला तर आंबटपणा येईल आणि पैसेही वाचतील. अमरावतीहून दोन मोठे अननस मागवले. इथं माझी गाडी घसरली.

कार्यक्रमाच्या आदल्या रात्री तीन पाकिटं वितळवून घेतली, एका सॉसेजचे चार तुकडे केले. अननसाचा रस काढला, त्यात आलं-लसूण आणि भिवापुरी तिखट कालवलं आणि तुकडे त्यात मुरत टाकले. तासाभरानं काढून प्रत्येक काडीला एक तुकडा, एक अननसाची फोड. 120 काड्या परातीत रचून फ्रिजमध्ये ठेवल्या. उरलेली पाच पाकिटं सकाळी करू म्हटलं. अर्धं काम आदल्या दिवशी उरकलं या आनंदात झोपले.

पहाटे पाचला परात बाहेर काढली आणि पहिली काडी उचलली तर तुकडा खाली गळून पडला. दुसरी उचलली, तीही तशीच. अननसाच्या बाजूनं सॉसेज दुधात भिजलेल्या पोळीसारखा झाला होता, बोट लावलं की लगदा. वास आंबूस नव्हता, रंगही बदलला नव्हता. मला वाटलं रात्री लाईन गेली असेल. पण बर्फाचा ट्रे जसाच्या तसा, दूधही चांगलं. मग दुकानदारावर संशय. दिराच्या पोराला झोपेतून उठवून नको नको ते बोलले. तो बिचारा म्हणत राहिला, "काकू, पेटीतला बर्फ घरी आलो तेव्हाही होता."

सासूबाई तोवर उठून आल्या होत्या. त्यांनी एक तुकडा चिमटीत धरून दाबला आणि विचारलं, "याले पपई लावली का वं?"

पपई! जून बोकडाचं मटण शिजत नसलं की कच्च्या पपईचा गर लावून ठेवायचा, हे मला त्यांनीच शिकवलं. पपईतलं एक द्रव्य मांसाचा धागा तोडतं. जास्त वेळ ठेवलं तर मटणाचा लगदा होतो, म्हणून त्या घड्याळ बघून बसतात. ताज्या अननसातही तसंच द्रव्य असतं, ब्रोमेलिन नावाचं. सॉसेज तर आधीच बारीक वाटलेला, त्याला तोडायला धागा तरी किती? मी तो त्या रसात बुडवला आणि वर रात्रभर फोड चिकटवून ठेवली. मग डब्यातल्या अननसानं असं का केलं नाही? डब्यात भरताना फळ उकळत्या आचेवर तापवतात, त्या आचेनं ते द्रव्य मरतं. म्हणजे मी करून पाहिलं ते एका वस्तूवर आणि केलं दुसऱ्याच वस्तूनं. 14 वर्षं मटणाला पपई लावणाऱ्या बाईला हे सुचू नये, याचा राग अजून गेलेला नाही.

दिराच्या पोराची माफी मागितली. तो हसला आणि त्या बदल्यात दोन दिवस गाडी धुवायची नाही असं कबूल करून घेतलं.

आता हिशोब. साठेक माणसं मांसाहारी, माणशी चार काड्या, म्हणजे 240. हातात पाच पाकिटं, म्हणजे 200 तुकडे. नागपूरला जाऊन येण्यात अर्धा दिवस गेला असता आणि इथं जेवणाचं सगळं पडलेलं. उरलेला अननस गुळाच्या पाण्यात दहा मिनिटं खळखळ उकळून घेतला. शिवाय फळ आणि सॉसेज वेगवेगळ्या भांड्यांत ठेवायचे आणि वाढायच्या वेळीच टोचायचे, असं जावेला बजावलं.

बागायतदाराचं घर आहे, त्यांच्या काडीवर केरळचा अननस आणि त्यांचं संत्रं कुठंच नाही, हे मला आधीपासून खटकत होतं. तो मृग बहाराच्या, म्हणजे पावसाळ्यात फुललेल्या संत्र्यांचा मोसम, झाडं लगडलेली. पण संत्र्याची फोड काडीवर टिकत नाही, टोचली की पाणी सोडते. रस आटवून पाक करावा तर तो कडू होतो. नागपुरी संत्र्याचा रस तापवला किंवा नुसता ठेवला तरी कडवटपणा वर येतो, बियांसकट पिळला तर जास्तच. म्हणून पाक गूळ, चिंचेचा कोळ, लसूण आणि तिखटाचा केला, आणि खाली उतरवून कोमट झाल्यावर त्यात बिया काढून हलक्या हातानं पिळलेला रस घातला. ते पातेलं पुन्हा आचेवर चढवलं नाही. काही काड्यांवर मात्र अननसाऐवजी अर्धकच्चा जांब लावला. तो कडक असतो, पाणी सोडत नाही आणि सॉसेजला घट्ट धरून बसतो. माझ्या मते अननसापेक्षा तोच बरा लागतो, फोटोत दिसायला साधा असला तरी.

शाकाहारी पाहुण्यांसाठी पोरीनं पनीर सांगितलं होतं. मी पाटवडी केली. नाही तरी रश्श्यासाठी बेसन घाटायचंच होतं. थाळीत थापून, चौकोनी वड्या कापून, तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजल्या आणि तशाच पाकात घोळवल्या. कमी पडणाऱ्या चाळीस काड्याही तिच्यातच बसवल्या. महानुभाव पंथाचं तीर्थ रिद्धपूर आमच्यापासून लांब नाही, त्यामुळे या भागातल्या कार्यक्रमात महानुभाव पाहुणे असायचेच, आणि ते मांसाहार करत नाहीत. म्हणून पाटवडीचं सगळं काम वेगळ्या तव्यावर, वेगळ्या पाकात, सॉसेजची उरलेली पाकिटं फुटायच्या आधी उरकलं.

संध्याकाळी पावणेसातला लाईन गेली. त्यात गॅसच्या दोन शेगड्यांवर भात आणि रस्सा चढलेला. सॉसेज भाजायला मागच्या अंगणात तीन दगड मांडून पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांची, चूल पेटवली. पऱ्हाटी भडकन पेटते आणि तेवढ्याच लवकर विझते, आच हातात राहत नाही. पहिल्या घाणात मी सॉसेज तव्यावर असतानाच पाक ओतला. गूळ क्षणात काळा पडला, वीसेक तुकडे करपले. पुढच्या घाण्यांना आधी सॉसेज नुसते तेलावर लाल केले, तवा खाली घेतला आणि मग पाक सोडला. तव्याच्या तापानंच तो गुळगुळीत चिकटला. पऱ्हाटीच्या धुराचा वास लागला तो वेगळाच. फोटोत तो नव्हता.

अंधारात शाकाहारी कोणतं आणि मांसाहारी कोणतं हे कळायची मोठी पंचाईत. पाटवडी बांबूच्या टोपलीत ठेवून ओसरीच्या एका टोकाला, तिथं जाऊ उभी. सॉसेज स्टीलच्या परातीत दुसऱ्या टोकाला, तिथं मी. एक पांढऱ्या धोतरातले काका टोपलीजवळ येऊन थांबले.

"तवा कोणता होता, वहिनी?"

"वेगळा होता, काका. सकाळीच केलं हे. तवा दाखवू का?"

ते खरंच आत आले, मोबाइलच्या उजेडात तवा पाहिला आणि मग टोपलीपाशी परत जाऊन सहा काड्या घेतल्या. त्यांचं पाहून बाकीचे आले. सॉसेज खाणारेही टोपलीकडे वळले आणि माझ्या जावेला सारखं सांगावं लागलं की बाप्पा, माळकरी लोकांना राहू द्या. पाटवडी वीस मिनिटांत संपली. सॉसेज थोडे उरले, तेही बहुतेक अननसाचे. पोरीनं अंधारातच फ्लॅश मारून फोटो काढले. तिला जांबाचं काही खटकलं नाही, की दिसलंच नाही, कोण जाणे.

पहाटेचा तो लगदा सासूबाईंनी फेकू दिला नव्हता. बटाटा, कांदा, कोथिंबीर घालून त्याची कटलेटं केली, आणि वाढपी पोरांनी रात्री अकराला ती नीट भाजून खाल्ली. त्यांच्यात सगळ्यात जास्त चर्चा त्याचीच, इतकं नरम कशानं झालं म्हणून. सासूबाई काही बोलल्या नाहीत, माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या.

एप्रिलमध्ये एका बारशाला असंच पाहिजे म्हणून निरोप आलाय. तेव्हा आमच्याकडे संत्री नसतात, जांबही नसतो. टरबूज फार पाणचट. सासूबाई म्हणतात, "कैरी लावजो, गुळासंगं." चार दिवस आधी करून पाहणार आहे, आणि त्याच झाडाच्या कैऱ्या बारशाला घेणार आहे.