‘आपोआप जाईल’

इंदूरच्या रामबागेत माझा लहान मुलांचा दवाखाना आहे. अंगावर लाल डाग घेऊन एखादं बाळ आलं की माझं ठरलेलं वाक्य असतं : “हिमँजिओमा आहे, रक्तवाहिन्यांची साधी गाठ. कॅन्सर नाही, आपोआप जाईल.” बहुतेक वेळा ते खरंच ठरतं. पहिल्या काही महिन्यांत ती गाठ भराभर वाढते, वर्षाच्या आसपास थांबते, मग काही वर्षांत विरते.

या मुलीलाही दीड महिन्याच्या लसीच्या वेळी हेच सांगितलं होतं. उजव्या वरच्या पापणीवर काडेपेटीच्या गुलाइतका लाल ठिपका. दहाव्या आठवड्याची लस त्यांनी देवासला, आजोळी घेतली. चौदाव्या आठवड्याला आली तेव्हा पापणी जांभळी, फुगलेली. डोळा जेमतेम चिरेएवढा उघडा. रडली की गाठ आणखी टरारून यायची.

“ग्रहणात हिच्या आईनं भाजी चिरली होती, मॅडम,” आजी म्हणाल्या. सून खाली मान घालून बसलेली. मी जरा जोरातच म्हटलं, “आजी, ग्रहणाचा काही संबंध नाही. मुलींमध्ये, अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये हे जास्त होतं, आणि ही चौतिसाव्या आठवड्यात जन्मलेली.”

मग एक साधी परीक्षा केली. तिच्यासमोर लाल खुळखुळा धरला आणि उजवा डोळा तळहातानं झाकला. ढिम्म. डावा झाकला, तर मान झटकत किंचाळून रडायला लागली. म्हणजे उजव्यानं तिला जवळजवळ दिसतच नव्हतं. या वयात डोळा झाकलेला राहिला तर मेंदू त्याच्याकडून बघायला शिकतच नाही. पुढे गाठ विरली तरी डोळा आळशी तो आळशीच. गाठीच्या दाबानं बुबुळाचा आकार बिघडतो तो वेगळाच.

कार्डावर सहाव्या आठवड्याच्या रकान्यात माझंच अक्षर होतं : ‘पापणीवर लाल ठिपका. काळजी नको.’

यावर औषध आहे, आणि तेही योगायोगानं सापडलेलं. 2008 साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉ. लेओते-लाब्रेझ यांनी लिहिलं : नाकावरच्या गाठीसाठी स्टेरॉइड चालू असलेल्या मुलाच्या हृदयाचा स्नायू जाड झाला, त्यासाठी प्रोप्रॅनोलॉल हे हृदयाचं, बीपीचं औषध दिलं, तर दुसऱ्याच दिवशी गाठ मऊ पडून तिचा रंग बदलला. तोवर आमच्याकडे स्टेरॉइडच असायचं.

ईसीजी, नाडी, साखर बघितली. वजन बरोबर 5 किलो. सुरुवात किलोमागे दिवसाला 1 मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून. 10 मिलिग्रॅमची गोळी 10 मिली पाण्यात विरघळवायची, नीट ढवळायची आणि सिरिंजनं 2.5 मिली. पहिला डोस माझ्यासमोर, दोन तास बसवून. आईला तीनतीनदा बजावलं : दूध पाजल्यावरच द्यायचं; उलट्या झाल्या, दूध घेतलं नाही, छातीत घरघर वाजली, तर डोस द्यायचा नाही, फोन करायचा. या औषधानं उपाशी बाळाची साखर उतरते, आणि ते बोलून सांगू शकत नाही.

तरी दोन दिवस औषध घरी पडून राहिलं. औषधवाल्यानं वडिलांना म्हटलं होतं, “ही तर म्हाताऱ्यांची बीपीची गोळी!” शंका रास्त होती, पण ती मला विचारायची. चिठ्ठीवर नंबर छापलेला असतो.

त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. सिलिंडरचा नंबर, म्हणजे बुबुळाचा आकार बिघडल्यानं लागणारा चष्म्याचा नंबर, आलाच. रोज ठरावीक वेळ डाव्या डोळ्यावर पट्टी सुरू झाली. आठवड्यानं डोस दुप्पट केला.

तीन आठवड्यांनी परत आली. गाठीवर राखाडी छटा, डोळा अर्धा उघडलेला. औषध निदान सहा महिने चालणार, आधी सोडलं तर गाठ पुन्हा डोकं वर काढू शकते. मी सहाव्या आठवड्यालाच डोळ्यांकडे पाठवलं असतं, तर नंबर आला असता का? आईनं हे विचारलं नाही. ती विचारेल असं वाटून मीच कार्ड उलटं करून ठेवलं होतं.

खुळखुळा काढला. डावा डोळा झाकला. थोडी कुरकुरली, पण मग हात पुढे आला.