गाडीचा भाव ठरवताना एकाच आकड्यावर बोलू नये

पुण्याच्या तुळशीबागेत निम्म्या भावापासून बोलणी सुरू करणारी माणसे गाडीच्या शोरूममध्ये पाऊल टाकताच एकदम मवाळ होतात, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. काचेची इमारत, गार हवा, समोर आणून ठेवलेली कॉफी आणि ‘किंमत तर कंपनीच ठरवते, त्यात आपण काय बोलणार’ हा समज, या सगळ्यांचा तो एकत्रित परिणाम असावा. तो समज निम्मा खरा आहे. एक्स-शोरूम किंमत, म्हणजे नोंदणी कर आणि विमा धरण्यापूर्वीची किंमत, कंपनीच ठरवते आणि ती बाणेरच्या शोरूममध्ये एक व सातारा रस्त्यावरच्या शोरूममध्ये दुसरी, असे सहसा होत नाही. परंतु आपल्या खात्यातून जाते ती हे सगळे धरून होणारी ऑन-रोड किंमत, आणि या दोन किमतींच्या मधल्या जागेत इतके काही भरलेले असते की खरी घासाघीस तिथेच करावी लागते. गेल्या डिसेंबरात आम्ही घरासाठी गाडी घेतली तेव्हा मी एकच धोरण ठेवले होते: गाडी, विमा, कर्ज आणि जुनी गाडी हे चार वेगळे सौदे आहेत, आणि त्यांची मोळी बांधून कोणी एकच आकडा पुढे केला तर त्या आकड्यावर बोलायचेच नाही.

कोणती गाडी घ्यायची यावर मी इथे फारसे लिहिणार नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे बसायला-उतरायला उंच हवी आणि आमच्या सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्ये मावायला लांबी चार मीटरच्या आत हवी, एवढ्यावर निवड झाली. मात्र दुसऱ्या कंपनीची तशीच एक गाडी आम्ही शेवटपर्यंत मनात जिवंत ठेवली होती, आणि ती शोरूममधल्या मुलालाही ठाऊक होती. ‘हीच हवी’ असे मुलांच्या तोंडून एकदा निघाले की बोलणी तिथेच संपतात, म्हणून मुलांना आम्ही फक्त टेस्ट ड्राइव्हला नेले.

आता त्या कोटेशनच्या कागदाविषयी. विक्री प्रतिनिधी चुणचुणीत मुलगा होता. त्याने छापील कागदावर बॉलपेनने भराभर आकडे भरले, शेवटच्या आकड्याभोवती दोनदा गोल केला आणि कागद माझ्याऐवजी यजमानांकडे सरकवला. “सर, अकरा पंचेचाळीस ऑन-रोड. पण तुमच्यासाठी मॅनेजरसरांशी बोलून पंचवीस हजार कमी करून घेतो.” मी तो कागद माझ्याकडे ओढून घेतला. एक्स-शोरूम किंमत ९,४०,००० रुपये, आरटीओ १,०५,०००, विमा ४६,०००, वाढीव वॉरंटी १४,०००, अ‍ॅक्सेसरी किट २२,०००, कोटिंग ९,०००, हँडलिंग चार्जेस ८,५०० आणि फास्टॅगचे ६००. यांतल्या पहिल्या आकड्याला हात लावता येत नाही. दुसराही सरकारी आहे: महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नोंदणीसाठी ११ टक्के कर लागतो, दहा ते वीस लाखांच्या गाडीला १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के, डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. पण वॉरंटी, किट, कोटिंग आणि हँडलिंग यांची बेरीज साडेत्रेपन्न हजार होत होती आणि यांपैकी एकही गोष्ट आम्ही मागितलेली नव्हती. म्हणजे न मागितलेल्या साडेत्रेपन्न हजारांवर पंचवीस हजारांची सवलत देऊन वर उपकार केल्याचा आव, असा तो हिशेब होता.

मी एकेका ओळीवर विचारत गेले. हँडलिंग चार्जेस कशाचे, तर म्हणे कारखान्यातून गाडी शोरूमपर्यंत आणण्याचे. आमची गाडी ज्या कारखान्यात तयार होते तो पुणे जिल्ह्यातच आहे, शोरूमपासून फार तर दोन तासांवर. एवढ्या अंतरासाठी साडेआठ हजार म्हणजे गाडी पालखीतून मिरवत आणली की काय, असे विचारायचा मोह मी आवरला. हा आकार कोणत्याही सरकारी खात्याचा नसतो. गाडी विकण्याजोगी करून ग्राहकासमोर उभी करणे हे विक्रेत्याचेच काम आहे. “मॅडम, सगळेच घेतात,” एवढेच उत्तर त्याच्याकडे होते. “मग बिलात या नावाने वेगळी ओळ घालून, शिक्क्यासह पावती देणार का?” असे विचारल्यावर तो मॅनेजरच्या केबिनकडे गेला आणि परत आला तेव्हा ती ओळ खोडलेली होती. कोटिंग तर गाडी घेऊन चार महिने झाल्यावरही करता येते. वाढीव वॉरंटी मला हवी होती, पण बहुतेक कंपन्यांत ती मूळ वॉरंटी संपण्याआधी कधीही घेता येते, त्यामुळे ती पहिल्याच दिवशी घेतल्याबद्दल काय कमी करणार, हे मी उलट विचारले. अ‍ॅक्सेसरी किटमधील पायपुसणी, मडफ्लॅप आणि सीट कव्हर या वस्तूंचे भाव नाना पेठेतल्या गाडीच्या सामानाच्या दुकानांत विचारून आले होते. त्यांपैकी फक्त कंपनीचे मडफ्लॅप ठेवले. ‘किट फुकट देतो, रोख सवलत मागू नका’ हा प्रस्ताव मला कधीच पटत नाही, कारण फुकट दिलेल्या वस्तूची किंमत देणाराच ठरवतो.

विम्यावर मात्र मी सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि माझ्या मते प्रत्येकाने घालवावा. नव्या गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या चारचाकीला तो एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो आणि त्याचा दर सरकार ठरवते. २०२२ साली ठरलेल्या दरांनुसार एक हजार ते दीड हजार सीसीच्या खासगी गाडीला तीन वर्षांचे मिळून १०,६४० रुपये आणि त्यावर जीएसटी. इथे घासाघिशीला वाव नाही. दुसरा भाग ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा. त्याचे दर २००७ पासून खुले झालेले आहेत, विमा कंपन्या त्यावर वाटेल तितकी सूट देऊ शकतात आणि विक्रेत्याचे कमिशनही याच विम्यात असते. शिवाय ऑगस्ट २०२० पासून हा भाग तीन वर्षांचा घेण्याची गरज उरलेली नाही, एक वर्षाचा पुरतो. मी आदल्या रात्री त्याच मॉडेलसाठी दोन कंपन्यांचे दर ऑनलाइन काढून ठेवले होते, तीच आयडीव्ही (गाडीची विम्यात धरलेली किंमत) आणि तेच झिरो डेप्रिसिएशनचे (दाव्यात घसारा न कापण्याचे) कलम धरून. ही खबरदारी घेतली नाही तर स्वस्त दिसणारा विमा आयडीव्ही कमी केल्यामुळे स्वस्त झालेला असतो. तो आकडा शोरूमच्या आकड्यापेक्षा चौदा हजारांनी कमी निघाला. “बाहेरचा विमा घेतला तर कॅशलेस मिळणार नाही, मॅडम,” हे ठरलेले वाक्य आलेच. त्यावर मी त्या विमा कंपनीच्या कॅशलेस गॅरेजांची यादी फोनवर उघडून दाखवली. त्यात त्यांचेच वर्कशॉप होते. विमा कोठून घ्यायचा हे ग्राहकाने ठरवायचे असते, शोरूमला त्याची सक्ती करता येत नाही. अखेर त्यांनीच त्या दराच्या जवळपास जाणारा विमा दिला, आणि दोन हजारांचा फरक मी सोडून दिला, कारण पुढे दाव्याच्या वेळी खेपा घालायला एकच दार बरे.

कर्जाच्या बाबतीत एका प्रश्नाला उत्तर द्यायचे नाही, असे मी यजमानांना बजावून ठेवले होते. तो प्रश्न म्हणजे, “सर, महिन्याला किती हप्ता परवडेल?” हप्ता सांगितला की मुदत लांबवून कोणतीही किंमत त्यात बसवता येते. सात लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे साडेचौदा हजार पडतो आणि सात वर्षांसाठी घेतले तर सव्वाअकरा हजार. कानाला दुसरा आकडा गोड लागतो, पण एकूण परतफेडीत चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास वाढ होते. शोरूममध्ये हजार-दोन हजारांसाठी तासभर वाद घालून पुढच्या टेबलावर हा फरक डोळे मिटून मान्य करणारे लोक मी पाहिले आहेत. आपल्या पगाराच्या खात्याच्या बँकेकडून आधी मंजुरीपत्र घेऊन जावे आणि मग शोरूमने सुचवलेल्या बँकेला त्याहून कमी दर व कमी प्रोसेसिंग फी देता येते का ते पाहावे.

जुन्या गाडीचा विषय मी सर्वांत शेवटी काढला. आधी काढला असता तर तिची किंमत दहा हजारांनी वाढवून नव्या गाडीची सवलत तेवढीच घटवली गेली असती, आणि आम्हाला दोन्हीकडे जिंकल्यासारखे वाटले असते. जुनी गाडी विकत घेणाऱ्या दोन ठिकाणांचे भाव हातात होतेच. शोरूमचा भाव त्यांच्यापेक्षा कमी होता, पण कंपनीचा एक्स्चेंज बोनस मिळवल्यावर वर गेला, म्हणून तिथेच दिली. गाडी देताना मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून त्यांच्या प्रती आणि ताबा दिल्याची तारीख-वेळ घातलेली पोच मात्र हटकून घ्यावी, म्हणजे नाव बदलेपर्यंत त्या गाडीने काही प्रताप केले तर ती तेव्हा आपल्या ताब्यात नव्हती, हे निदान दाखवता येते.

भाव कधी करावा, यालाही महत्त्व आहे. दसऱ्याला आणि पाडव्याला शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा सवलत मागणारा गिऱ्हाईक त्यांना नकोच असतो. पितृपंधरवड्यात तेच शोरूम ओस पडते. ज्यांना चालते त्यांनी त्या दिवसांत बोलणी पक्की करून डिलिव्हरी नवरात्रात घ्यावी. २०२५ साली तर घटस्थापनेच्याच दिवशी, २२ सप्टेंबरला, लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा सेसही गेला, त्यामुळे त्या वर्षीच्या गर्दीविषयी बोलायलाच नको. ती ओसरल्यावर, वर्षअखेरीचे विक्रीचे लक्ष्य विक्रेत्यांच्या डोक्यावर असताना जाणे आम्हाला सोयीचे वाटले. सासूबाईंना मुहूर्त हवा होता, तो मार्गशीर्षातल्या गुरुवारी मिळाला. डिसेंबरात मोठी सवलत मिळते ती वर्ष बदलले की गाडी कागदावर एका वर्षाने जुनी होते म्हणून, आणि विकताना खरेदीदार तेच वर्ष पाहतो. आम्ही गाडी आठ-दहा वर्षे ठेवणार असल्यामुळे तो तोटा फारसा बोचत नाही. तीन वर्षांत बदलणाऱ्याने जानेवारीपर्यंत थांबावे.

इतके सगळे करूनही मी शेवटच्या हजारासाठी त्या मुलाला केबिनच्या आणखी फेऱ्या मारायला लावल्या नाहीत. गाडीवर विक्रेत्याला मिळणारा नफा मर्यादितच असतो, म्हणून तो विमा, कर्ज आणि किट यांतून भरून काढला जातो, आणि त्या मुलाचा इन्सेंटिव्हही त्यावरच ठरतो. गाडीवर त्यांना रास्त नफा मिळावा आणि आम्ही न मागितलेल्या वस्तूचे पैसे देऊ नयेत, इतकाच माझा आग्रह होता. शेवटी कंपनीची रोख सवलत धरून आकडा दहा लाख बाहत्तर हजारांवर आला. वाढीव वॉरंटी त्यातच होती.

बुकिंग फॉर्मवर सही करण्यापूर्वी मात्र त्यामागचा बारीक मजकूर वाचला. ‘डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू राहील’ हे कलम जवळपास सगळीकडे असते, त्यामुळे सवलतीचा प्रत्येक आकडा, गाडीचा रंग, व्हेरिएंट, डिलिव्हरीची तारीख आणि बुकिंग रद्द केल्यास परत मिळणारी रक्कम हे शिक्क्यासह लिहून घेतले. पैसे शोरूमच्या खात्यातच भरावेत, विक्री प्रतिनिधीच्या फोनवर नव्हे. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास आयकर कायद्याने तसाही मज्जाव आहे. ज्यांची गाडी दहा लाखांहून महाग आहे त्यांच्याकडून एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच गोळा केलेला आयकर, घेतला जातो. तो खर्च नव्हे, विवरणपत्रात त्याचे श्रेय मिळते, फक्त पॅन बरोबर नोंदवले आहे ना ते पाहावे.

उरलेली रक्कम भरण्यापूर्वी आम्ही शहराबाहेरच्या स्टॉकयार्डात जाऊन गाडी पाहिली. चासी क्रमांकाचा फोटो काढला, उत्पादनाचा महिना विचारून घेतला, जो पुढे फॉर्म २१ वर, म्हणजे विक्री प्रमाणपत्रावर, छापून येतोच, आणि मागच्या दाराच्या कडेला रंगाची फुटकी रेघ दिसली तेव्हा शेजारचीच दुसरी गाडी मागितली. नोंदणी झाल्यावर ही अदलाबदल शक्य नसते. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेली नवी गाडी संगम पुलाजवळच्या आरटीओत तपासणीसाठी न्यावी लागत नाही, नोंदणीचे काम विक्रेताच ऑनलाइन करतो, त्यामुळे एजंटचा म्हणून कोणी वेगळा आकार मागितला तर तो देण्याचे कारण नाही.

डिलिव्हरीनंतर आठवड्याने आरटीओची ई-पावती मागवून घेतली. कर आणि शुल्क मिळून आमच्याकडून घेतलेल्या रकमेपेक्षा पावतीवरचा आकडा थोडा कमी होता. फरक परत करावा अशी दोन ओळींची ईमेल पावतीसह पाठवली, आणि पुढच्या महिन्यात ते पैसे खात्यात जमा झाले.