पावागडावर सहा वॉकी-टॉकी, आणि सदनशाह दरवाज्यात सगळे बहिरे

वॉकी-टॉकीच्या खोक्यावर ‘रेंज १० किमी’ असं ठळक छापलेलं होतं. बडोद्याजवळच्या पावागडाच्या जुन्या पायवाटेवरच्या सदनशाह दरवाज्यात तेच सेट अर्ध्या किलोमीटरलाही मुके झाले. दोन तासांनी शिखराच्या कठड्यावरून हालोलमध्ये उभ्या असलेल्या गाडीशी मात्र शेजारी बसल्यासारखं बोलणं झालं. हालोल म्हणजे डोंगराखालचं गाव, तिथून कित्येक किलोमीटर लांब. हे असं का होतं ते दुकानात कुणी सांगत नाही, आणि सांगितलं असतं तर दरवाज्यातला पाऊण तासाचा घोळ झाला नसता.

गट बडोद्याहून निघालेला: अकरा माणसं, दोन गाड्या, सहा सेट. चौघं जुन्या वाटेने दरवाज्यांमधून पायी, त्यांच्याकडे दोन सेट. पाच जण गाडीने डोंगराच्या अर्ध्यावरच्या माचीपर्यंत आणि पुढे रोपवेने, त्यांच्याकडे दोन. एक चालक माचीवर, दुसरा पंक्चरच्या कामासाठी हालोलला अडकलेला, दोघांकडे एकेक. बूट कुठले, पाणी किती, चढवतं की नाही हे ज्याचं त्याने बघावं. मोबाईल असताना हे लोढणं कशाला, असं विचारणाऱ्यांनी एकदा गर्दीच्या रविवारी माचीवर उभं राहून फोन लावून बघावा. दांड्या पूर्ण दिसतात, फोन लागत नाही.

आधी खरेदी, कारण फसवणूक तिथूनच सुरू होते. आपल्याकडे हातात मावणाऱ्या सेटसाठी परवान्याशिवाय वापरता येणारा कामाचा पट्टा एकच: ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ, तोही कमी शक्तीच्या सेटना, २०१८ च्या नियमांनुसार. सेटला ईटीए म्हणजे उपकरण मान्यता लागते. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना नोटिसा पाठवल्या त्या याचसाठी: फ्रिक्वेन्सी, परवाना, मान्यता यांचा पत्ता नसताना सेट विकले जात होते. दुकानात अजूनही ‘पाच वॅटचा घ्या, लांब जातो, कोण विचारतंय’ हेच ऐकायला मिळतं. स्क्रीन नसलेला, सोळा चॅनलचा तो काळा सेट ४०० ते ४७० मध्ये कुठेही बोलतो. तो कुणाच्या पट्ट्यात बोलतोय हे घेणाऱ्याला कळतही नाही. दुकानदार वर ‘४४६ वर लावून देतो’ म्हणून सेटमागे ३०० रुपये सांगतो. देऊ नका. फ्रिक्वेन्सी बदलल्याने पाच वॅटचा विनामान्यता सेट कायदेशीर होत नाही. बिलावर ईटीएचा क्रमांक आणि फ्रिक्वेन्सी लिहून मागा. दुकानदार टाळाटाळ करू लागला की उत्तर मिळालंच.

अमेरिकेतल्या मामाने पाठवलेली जोडी बडोद्यात घरोघरी कपाटात पडलेली असते. ती ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालते, इथे ती वापरायची नाही. आणि घरात एकाकडे हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना असून भागत नाही, पलीकडच्यालाही लागतो. काकूंनी परीक्षा दिलेली नसेल तर तो मार्ग बंद.

आता ते दहा किलोमीटर. सेट तोंडाजवळ, म्हणजे जमिनीपासून दीड मीटरवर धरला तर पृथ्वीच्या गोलाईमुळे रेडिओचं क्षितिज साधारण पाच किलोमीटरवर येतं. समोरच्याचंही तेवढंच. पाच आणि पाच दहा. एवढा हिशेब जमतो तो मध्ये झाड, घर, टेकडी काही नसेल तेव्हा, आणि तेव्हाही जमिनीवरून उलटून येणारी लाट सरळ लाटेला खात असते. अर्ध्या वॅटच्या सेटला सपाटीवर दोन-तीन किलोमीटर मिळाले तर खूश व्हा. बडोद्यात दांडिया बाजारच्या बाजूच्या गल्ल्यांत पाचशे मीटरही मुश्किलीने मिळतात. पावागडाच्या माथ्यावर हाच सेट हालोलच काय, त्याहून कितीतरी लांब बोलतो, कारण खालचं मैदान सगळं नजरेत असतं. वॅटपेक्षा उंची कामाला येते, आणि उंची फुकट असते.

सेट लावण्याचं काम निघायच्या आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर करा, गाडीत नाही. चॅनल १ वर ४४६.००६२५ मेगाहर्ट्झ असतं, पुढचं प्रत्येक चॅनल साडेबारा किलोहर्ट्झ वर. आठव्यावर ४४६.०९३७५, सोळाव्यावर ४४६.१९३७५. जुन्या सेटमध्ये आठच चॅनल असतात, म्हणून सेट मिसळलेले असतील तर आठच्या आतलं निवडा. एक नको, डबा उघडल्यावर सगळे एकवरच असतात. गटाने पाच घेतलं होतं.

मग टोन. सेटवर ज्याला ‘प्रायव्हसी कोड’ म्हणतात त्यात प्रायव्हसी काडीची नाही. आवाजाखाली एक न ऐकू येणारा बारीक सूर जातो, आणि तोच सूर आला तरच समोरचा सेट स्पीकर उघडतो. बाकी जग तुमचं बोलणं आरामात ऐकतं. अडतीसच्या नेहमीच्या यादीत १२ वा कोड १०० हर्ट्झचा, पण सगळ्या कंपन्यांची यादी एकच नसते. दोन कंपन्यांचे सेट एकत्र लावताना कोडाचा आकडा जुळवून उपयोग नाही, माहितीपुस्तिकेतले हर्ट्झ जुळवा. एका सेटवर टोन लावला आणि दुसऱ्यावर राहिला, तर पहिल्याचं दुसऱ्याला ऐकू जातं, उलटं नाही. मग ‘सेट खराब आहे’ म्हणून दुकानात फेऱ्या. तसंच, बाकीचे अरुंद बँडवर असताना एखाद्या सेटवर तो रुंद राहिला असेल तर त्याचा आवाज बाकीच्यांकडे फाटका येतो आणि त्यांचा त्याच्याकडे पुटपुटल्यासारखा.

व्हॉक्स बंद करा. बटण न दाबता बोलता येतं म्हणून मुलांना हे फार आवडतं. पावागडाच्या माथ्यावर वारा थेट माईकमध्ये शिरतो, सेटला वाटतं कुणी बोलतंय, आणि सहाही सेटवर फक्त घोंघावणं. एका सेटच्या व्हॉक्सने सगळं चॅनल अडतं. टाइम-आउट साठ सेकंदांवर ठेवा, म्हणजे खिशात बटण दाबलं गेलं तरी सेट स्वतःहून गप्प होईल. बोलणं संपल्याचा ‘टूँ’ आवाज काढून टाका, डोकं उठतं. सेटची बटणं लॉक करा. इअरफोनची पिन अर्धवट आत राहिली की आतला स्पीकर आणि माईक दोन्ही बंद होतात आणि सेट मेल्यासारखा वाटतो. मेलेला सेट हातात आला की आधी पिन बघा.

बडोद्याच्या कमाटीबागेत एक फेरी मारून चाचणी घ्या. एकाने पुलावर थांबायचं, दुसऱ्याने बागेच्या टोकापर्यंत जायचं. पुलाखालच्या या विश्वामित्री नदीचा उगम पावागडावर आहे, एवढा शुभशकुन पुरे. नदीतल्या मगरींना सेट दाखवू नका.

बडोदा, जरोद, हालोल हा रस्ता सोपा आहे, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. गाडीचा पत्रा सिग्नल अडवतो, म्हणून शेजारी बसलेल्याने सेट काचेजवळ उभा धरावा. चालकाच्या हातात देऊ नका.

आता तो टप्पा. पायथ्यापासून जुनी वाट अटक, बुढिया, मोती आणि सदनशाह अशा दरवाज्यांमधून माचीकडे चढते. मोती दरवाज्यापर्यंत बोलणं तुटक, पण कळत होतं. सदनशाहपाशी वाट खडक फोडून काढलेली आहे, दोन्ही बाजूंना उंच भिंती, वर दुहेरी दरवाजा, आणि वाट वळते. पावागडाचा हा खडक ज्वालामुखीतून आलेला, कठीण आणि जाड. ४४६ ची लाट त्यातून जात नाही, वळणाला वाकत नाही. माचीवरचा चालक सरळ रेषेत हाकेपेक्षा थोडा पुढे असेल, पण मध्ये डोंगराचा खांदा. दोन्ही बाजूंनी ‘ऐकू येतंय का’ची माळ लागली. माचीवाल्यांना वाटलं कुणीतरी पडलं, ते खाली उतरायला लागले. खालचे चौघं सेट उंच धरून, बॅटरी काढून-घालून, चॅनल बदलून बसले. चॅनल बदलणं हा सगळ्यात मोठा गाढवपणा: दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बदललं की परत भेट नाही.

तिथे काय चालतं ते सांगतो. पहिलं, जागच्या जागी एक पाऊल सरका. या लाटेची लांबी ६७ सेंटीमीटर आहे. भिंतींवरून उलटलेल्या लाटा एकमेकींना मारतात तिथे आवाज शून्य, आणि हातभर पलीकडे तोच आवाज स्पष्ट. दुसरं, सेट कमरेला अडकवून बोलू नका. शरीर म्हणजे पाण्याचं पिंप, सिग्नल पिऊन टाकतं. अँटेना उभा, चेहऱ्यापासून थोडा लांब. नीट चालायला चौथाई लांबीचा म्हणजे सतरा सेंटीमीटरचा अँटेना हवा. या सेटवर असतो बोटाएवढा, तोही पक्का बसवलेला, बदलायचा नाही. त्यात आडवा धरला तर उरलंसुरलंही गेलं. तिसरं आणि खरं औषध: एक माणूस मध्ये ठेवा. सातकमानी या जुन्या कमानींच्या जागेसारखी कड्यालगतची, वर-खाली दोन्हीकडे उघडी जागा गाठून एकाने सेट घेऊन बसायचं आणि निरोप इकडून तिकडे करायचे. गटाने हे परतीच्या वेळी केलं आणि एकही निरोप हरवला नाही. चौथं, घड्याळ लावून घ्या: दर पंधरा मिनिटांनी हाक, उत्तर आलं नाही तर पुढच्या मोकळ्या कडेला पोचेपर्यंत कुणीही जागा सोडायची नाही. हे आधी ठरलेलं असतं तर माचीवरून कुणी धावत सुटलं नसतं.

बोलण्याची एक गोष्ट याहून महत्त्वाची. वरून निरोप होता ‘नका उतरू, रोपवे बंद आहे’. वारा वाढला की रोपवे थांबवतात. खाली पोचलं ‘उतरू, रोपवे बंद आहे’. बटण दाबल्याबरोबर बोललं की पहिला शब्द कापला जातो. बॅटरी वाचवायला सेट मधूनमधून डुलकी घेत असतो, शिवाय टोन ओळखायला त्याला क्षणभर लागतो. ‘उतरू नका’ म्हटलं तर शेवटचा ‘नका’ बटण लवकर सोडल्यामुळे जातो. म्हणून ‘नका’, ‘नको’, ‘नाही’ सेटवर बोलूच नका. ‘तिथेच थांबा’ म्हणा. बटण दाबा, मनात ‘एक’ म्हणा, मग बोला, शेवटी पुन्हा ‘एक’ म्हणून सोडा.

नावांचंही तसंच. मराठी कुटुंबात तीन काका आणि दोन काकू असतात, आणि फाटक्या आवाजात काका-काकू एकच ऐकू येतात. जागेच्या नावाने हाक मारा: ‘शिखर’, ‘माची’, ‘पायवाट’, ‘हालोल’. चार शब्द, एकमेकांसारखा एकही नाही.

माथ्यावर दुसरीच कटकट. उंचीमुळे सगळ्या पंचक्रोशीतले सेट ऐकू येतात, आणि टोन लावला असेल तर ते ऐकू येत नाहीत पण अडथळा करतातच, कारण दोन सेट एकदम बोलले की जोरकस असेल तोच उमटतो. बोलण्याआधी मॉनिटरचं बटण दाबून चॅनल मोकळं आहे का ऐका. देवळाजवळच्या गर्दीत मधोमध उभं राहून पायथ्याशी बोलायचा प्रयत्न वाया जातो, कठड्यापाशी या. दुधिया तलावाच्या बाजूने दोनदा काहीच लागलं नाही, कडेला आल्यावर पहिल्याच हाकेला हालोल.

दुसरा दिवस पायथ्याच्या चांपानेरच्या मशिदी आणि तटबंदीत गेला. सपाट, निवांत, सेटची गरज पडली नाही.

बॅटरी: लिथियमवाले सेट ऐकत राहिले तर दिवसभर पुरतात, पण सदनशाहसारख्या ठिकाणी सारखं बटण दाबत राहिलं की दुपारीच लाल दिवा लागतो, कारण बोलायला ऐकण्याच्या कितीतरी पट करंट लागतो. ट्रिपल-ए सेलवाला सेट असेल तर जादा सेल न्या, आणि घरी आल्यावर ते बाहेर काढून ठेवा. पुढच्या नवरात्रापर्यंत आत राहिले तर गळतात, पितळी पट्ट्यांवर हिरवट खपली धरते. अल्कलाइन सेल असतील तर व्हिनेगरचा बोळा आणि जुना टूथब्रश फिरवून ती निघते, पण पट्टी काळी पडून झिजली असेल तर नवा सेट घ्यायचा.