बोटांनी मोजलेले ग्रह

तारांगणाच्या प्रदर्शनकक्षात मी ग्रहांच्या प्रतिकृती दाखवतो. आकारांमधला फरक पाहुण्यांच्या गळी उतरवणं हा या कामातला सगळ्यात कठीण भाग. चित्रांत सगळे ग्रह एका पानावर बसवलेले असतात, त्यामुळे गुरू पृथ्वीच्या तीन-चार पट असेल अशीच बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात त्याचा व्यास पृथ्वीच्या अकरा पट आहे.

त्या दिवशी अंध विद्यार्थ्यांचा गट आला होता. त्यांच्यासाठी लाकडी गोळ्यांचा संच टेबलावर मांडला. प्रमाण सोपं : १ मिलिमीटर म्हणजे १,००० किलोमीटर. गुरू १४३ मिलिमीटरचा, दोन्ही हातांनी धरावा लागेल असा. पृथ्वी पावणेतेरा मिलिमीटरची, माळेतल्या मण्याएवढी. चंद्र जेमतेम साडेतीन. सूर्यासाठी भिंतीवर १.३९ मीटर व्यासाचं वर्तुळ ठोकलेलं.

एका मुलीने शनी उचलला. या संचात त्याला कडी लावलेली नाहीत. तिने तो फिरवला, दोन्ही तळव्यांत दाबून पाहिला, आडवा करून पुन्हा दाबला.

"सर, हा गोल नाहीये. चेपलाय."

बरोबर होतं. शनी मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचा, आणि साडेदहा तासांच्या आसपास एक गिरकी घेणारा. त्यामुळे तो मधे फुगतो. गोळा तसाच घडवलेला आहे : विषुववृत्तावर १२०.५ मिलिमीटर, ध्रुवांकडून १०८.७. मी तिच्या चिमटीत पृथ्वी दिली. फरक जवळपास तेवढाच! "म्हणजे नुसतं चेपणंच पृथ्वीएवढं?" असं म्हणून तिने शनी शेजारच्या मुलाकडे दिला आणि कुठे दाबायचं तेही सांगितलं. डोळस पाहुण्यांपैकी हे कुणी आपणहून सांगितल्याचं मला आठवत नाही. त्यांची नजर कड्यांच्याच शोधात असते.

त्या मुलाने मग दोन बारके गोळे अंगठा आणि तर्जनीत फिरवून मोठा वेगळा काढला. तो ग्रह आणि धाकटा उपग्रह, असा त्याचा अंदाज. पण मोठा होता गॅनिमीड, गुरूचा उपग्रह, ५.३ मिलिमीटर. बुध ४.९. अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी फरक त्याने बोटांनी पकडला, याचंच मला जास्त अप्रूप वाटलं. सूर्याभोवती फिरतो तो ग्रह, ग्रहाभोवती फिरतो तो उपग्रह. कोण मोठा याचा त्याच्याशी संबंध नाही, हे मी सांगितलं. तर त्याचा पुढचा प्रश्न तयार : "वजनालाही गॅनिमीडच जास्त?"

नाही. गॅनिमीडमध्ये बर्फाचा वाटा मोठा, बुधाच्या पोटात लोखंड. गॅनिमीडचं वस्तुमान बुधाच्या निम्म्याहूनही कमी. पण आमचे सगळे गोळे एकाच लाकडाचे, मग हाताला ते कळणार कसं?

म्हणून आता दुसरा संच करतोय. त्यात आकार सगळ्यांचा सारखा, फरक फक्त वजनाचा. पृथ्वी १ ग्रॅम धरली तर गुरू ३१८ ग्रॅम, शनी ९५. युरेनस आकाराने नेपच्यूनहून थोडा मोठा, पण इथे तो साडेचौदा ग्रॅम आणि नेपच्यून १७. चंद्र ग्रॅमचा एक्याऐंशीवा भाग, तो हाताला जाणवणारच नाही. आणि सूर्य ३३३ किलो. तो हातात कसा द्यायचा, हे अजून ठरायचंय.