डाव्या हाताचा फ्री थ्रो

४ मार्च

आजची तारीख आली की अमेरिकेतला कॉलेज बास्केटबॉलचा खेळाडू हँक गॅदर्स आठवतोच. रात्री पुन्हा ते जुने व्हिडिओ लावून बसलो.

हँक आणि बो किंबल, दोघंही उत्तर फिलाडेल्फियाची पोरं. शाळेत एकाच टीममध्ये खेळले, लॉस एंजेलिसला एकत्र गेले, तिथलं पहिलं कॉलेज सोडून लॉयोला मेरीमाउंटला आले तेही एकत्रच. कोच पॉल वेस्टहेडचा खेळ म्हणजे नुसती पळापळ, चेंडू हातात आला की काही सेकंदांत शॉट. त्या धावपळीत १९८८-८९ला हँकची सरासरी होती ३२.७ गुण आणि १३.७ रिबाऊंड, म्हणजे हुकलेल्या शॉटनंतर झडप घालून मिळवलेले चेंडू. दोन्हींत देशात पहिला! गुण एखादा चांगल्या हातावरही काढेल, पण रिबाऊंडला छाती लागते.

एवढा गडी, पण फ्री थ्रोला, म्हणजे फाउलनंतर रेषेवरून मिळणाऱ्या मोकळ्या शॉटला, कच्चा. शेवटी उजव्या हाताचा हा पठ्ठ्या डाव्या हाताने टाकायला लागला.

डिसेंबर १९८९मध्ये तो त्याच फ्री थ्रोच्या रेषेवर कोसळला. हृदयाचे ठोके अनियमित निघाले, गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी अंग जड होतं, ही त्याची तक्रार. डोस कमी होत गेला. इथे माझा जीव दर वेळी तुटतो. एनबीए, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉल, काही महिन्यांवर आलेली असताना तेवीस वर्षांचा मुलगा ‘मला खेळू द्या’ असंच म्हणणार. त्याला कुणीतरी घट्ट धरून बसवायला हवं होतं.

४ मार्च १९९०. घरचंच कोर्ट, प्रेक्षकांत आई. हँकने हवेतच पास घेऊन डंक मारला, म्हणजे चेंडू वरून थेट रिंगमध्ये घातला, मागे वळला आणि काही क्षणांत खाली पडला. त्याच संध्याकाळी गेला.

दोन आठवड्यांच्या आत टीम राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. बो किंबलला पहिला फ्री थ्रो मिळाला. तो उजव्या हाताचा. रेषेवर उभा राहिला, चेंडू डाव्या हातात घेतला आणि टाकला. गेला! पुढे प्रत्येक मॅचचा पहिला फ्री थ्रो त्याने हँकसाठी तसाच टाकला. आदल्या वर्षीच्या विजेत्या मिशिगनला या पोरांनी १४९-११५ने हरवलं. शेवटच्या आठ संघांपर्यंत गेले, तिथे लास वेगासच्या संघाने थांबवलं. लॉयोलाच्या घरच्या कोर्टाला आजही लोक ‘हँकचं घर’ म्हणतात.

सकाळी मैदानावर कुणी नव्हतं. डाव्या हाताने दहा टाकून पाहिले. मनगट वळतच नाही, चेंडू तळहातावरून घसरतो. दोन गेले.

बो किंबलकडे एकच शॉट होता, आणि डोळे भरलेले असणार.