सुटी शेपटी, जोडलेली शेपटी

तुलना करणाऱ्या सॉफ्टवेअरने ६१४ फरक दाखवले आणि मला त्यातला एकही दिसेना. डावीकडे क्लायंटने मंजूर केलेली वर्ड फाईल, उजवीकडे आमची पीडीएफ. डावीकडे ‘शि’, उजवीकडे ‘शि’. मध्ये लाल चौकट. खाली पुन्हा तेच. दुपारचे साडेतीन वाजले होते, सहाला फाईल सोडायची होती.

मी पुण्यात औषधांच्या पत्रकांची आर्टवर्क तपासते. गोळ्यांच्या खोक्यात घड्या घालून कोंबलेला पापुद्र्यासारखा कागद असतो ना, एकदा उघडला की परत तशा घड्या कधीच पडत नाहीत, तो. आमची पत्रकं युरोपात जातात. युरोपीय संघाच्या चोवीस अधिकृत भाषा आहेत आणि त्यांपैकी इंग्रजी सोडली तर मला एकही येत नाही. लग्नाकार्यात हे सांगितलं की लोक हसतात. पण भाषा येणारा माणूस शब्द वाचत सुटतो, अक्षराकडे त्याचं लक्षच जात नाही. मी पंधरा वर्षं नुसती अक्षरं बघतेय.

म्हणजे काय बघते? चेक भाषेत एसवर, सीवर उलट्या टोपीसारखी खूण बसते, तिला हाचेक म्हणतात. पण छोट्या टीच्या आणि डीच्या डोक्यावर ती टोपी मावत नाही, म्हणून ती बाजूला अ‍ॅपॉस्ट्रॉफीसारखी चिकटते. मोठ्या टीवर परत टोपी. नवा ऑपरेटर त्या जागी हमखास खराखुरा अ‍ॅपॉस्ट्रॉफी टाइप करतो, आणि मग टी आणि पुढच्या अक्षरात उंदीर शिरेल एवढी फट पडते. हंगेरियनमध्ये ओवर दोन टिंबं आणि ओवर दोन तिरप्या रेघा ही दोन वेगळी अक्षरं, एक ऱ्हस्व, एक दीर्घ, आपल्या इ-ई सारखी. जुन्या फायलींत त्या दीर्घाच्या जागी डोक्यावर लाट असलेला ओ सापडतो, कारण पश्चिम युरोपच्या कोडसंचात, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकवार यादीत, नेमका त्याच क्रमांकावर तो बसलेला होता. लाटव्हियन भाषेत काही अक्षरांच्या खाली स्वल्पविराम असतो, पण छोट्या जीला खाली आधीच लांब शेपूट, म्हणून त्याचा स्वल्पविराम उलटा होऊन डोक्यावर चढतो. हे सगळं नऊ पॉइंटात बघायचं. युरोपच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनेत टाइम्स न्यू रोमनच्या मापाने नऊ पॉइंट सुचवले आहेत, त्याहून बारीक नको म्हणून. नऊ पॉइंटात स्वल्पविराम म्हणजे मोहरीची शेंडी.

तर त्या दिवशी रोमानियन होतं. रोमानियनमध्ये खास अक्षरं पाच: एवर वाटी, एवर छप्पर, आयवर छप्पर, आणि एसखाली व टीखाली स्वल्पविराम. एसखाली स्वल्पविराम आला की उच्चार श, टीखाली आला की त्स. आणि त्यांच्या भाषेत ‘आणि’ला ‘शि’ म्हणतात, त्यामुळे हा एस जवळपास प्रत्येक वाक्यात.

“ताई, टूलचा प्रॉब्लेम आहे. फॉल्स पॉझिटिव्ह. इग्नोर मारू का?” आमचा नवा ऑपरेटर. सहा महिने झालेत त्याला, सांगलीकडचा आहे. मॅनेजर खुर्चीमागे उभे होते. म्हणाले, “मारा.” त्यांना सहाच्या पुढचं काही दिसत नाही, आणि त्यांच्या जागी असते तर मलाही दिसलं नसतं.

मी थांब म्हटलं त्याला कारण माझी सुरुवात अप्पा बळवंत चौकातली. श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पाठ्यपुस्तकांची गाइडं लावायचो आम्ही. पडद्यावर स्वच्छ मराठी, पण तोच मजकूर उचलून ईमेलमध्ये टाकला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा उकिरडा. दिसतं एक आणि आत असतं दुसरंच, याची तेव्हापासून सवय आहे. मी दोन्हीकडचा एस उचलून कोड बघितला. वर्डमध्ये ०२१९. आमच्या पीडीएफमध्ये ०१५एफ.

हे दोन वेगळे एस आहेत. ०१५एफच्या खाली सेडिला असते, म्हणजे अक्षराला जोडलेली वळणदार शेपटी, आणि ते तुर्की भाषेचं अक्षर. ०२१९च्या खाली सुटा स्वल्पविराम, अक्षरापासून केसभर लांब, ते रोमानियन. तुर्कस्तानात अरबी लिपी जाऊन १९२८ साली रोमन आली, रोमानियात सिरिलिक त्याआधीच, १८६०च्या दशकात, गेली. दोन्हीकडे उच्चार श. १९८७ साली मध्य आणि पूर्व युरोपसाठी जो कोडसंच ठरला त्यात रोमानियनसाठीही सेडिलाचाच एस घेतला, शेपटीसारखी शेपटी म्हणून. सुट्या शेपटीच्या एसला आणि टीला युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या समाईक कोडसंचात, स्वतःचे क्रमांक मिळाले ते १९९९ साली, तिसऱ्या आवृत्तीत. तरी विंडोज एक्सपीच्या नेहमीच्या फॉन्टांत ती अक्षरंच नव्हती. १ जानेवारी २००७ ला रोमानिया संघात आला, त्या सुमारास मायक्रोसॉफ्टने फॉन्टची पुरवणी दिली. तोवर लोक तुर्की एस टाइप करत राहिले, आणि त्या काळातला मजकूर कॉपी होत होत आजही फिरतो आहे. आमचं हे पत्रकही त्याच काळातलं.

मग पडद्यावर दोन्ही सारखे का दिसत होते? ही भानगड उलगडली तेव्हा मी खुर्चीत एकटीच हसले. फॉन्टमध्ये एक सोय असते, भाषा बघून अक्षराचं रूप बदलण्याची. आम्ही पानं लावतो त्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा रोमानियन निवडली की चांगला फॉन्ट तुर्की एसची जोडलेली शेपटी गुपचूप सुटी करून दाखवतो. आत कोड तुर्कीच राहतो. हीच सोय आपल्याकडेही आहे. देवनागरी फॉन्टमध्ये भाषा हिंदी असेल तर ल दांडीचा येतो, मराठी केली की पाकळीचा, आणि श देठाचा. राज्य शासनाने २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढून हीच रूपं मराठीची म्हणून ठरवली. मी ही सोय पहिल्यांदा वापरली ती मराठी पाकळीसाठी. तीच रोमानियन पत्रकात घाण झाकून बसली होती.

घाण म्हणते खरं, पण ऑपरेटरने विचारलंच, “दिसायला सारखंच आहे ना ताई? मग कोणाला काय फरक पडतो?” त्याला मी आचाऱ्यांना हा शब्द दोनदा टाइप करून दाखवला. एकदा नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन, एकदा साध्या र् नंतर न दिसणारा जोडक घालून. दोन्हीकडे तोच कोयत्यासारखा र, बघून सांगता येणार नाही. मग म्हटलं, आता शोध. एकच सापडला. पत्रकाची पीडीएफ वेबसाइटवरही जाते. तिथे कोणी तरी रोमानियन कीबोर्डवरून शब्द टाइप करून आपल्या गोळीचा दुष्परिणाम शोधेल आणि काही मिळणार नाही, म्हणजे दुष्परिणाम नाही असं समजेल. तो “हं” म्हणाला. पटलं की कंटाळला ते कळलं नाही.

मूळ चूक ना त्याची ना माझी. क्लायंट बदल दाखवलेली वर्ड फाईल पाठवतो आणि आम्ही मागच्या आवृत्तीच्या लेआउटमध्ये फक्त रंगवलेले बदल करतो. पद्धतच तशी आहे, वेळ वाचतो. यावेळी तिकडे कोणी तरी सगळा मजकूर योग्य एस-टीने स्वच्छ केला, पण तो बदल रंगवून दाखवलाच नाही. एका ओळीचा निरोप टाकला असता तर? पण युरोपातल्या लोकांना वाटतं की पुण्यात कोणी अक्षरं बघत नाही.

मी बदलायला घेतलं. छोटा एस, मोठा एस, छोटा टी, मोठा टी, चार वेळा शोधा-बदला. मिनिटभराचं काम. आणि शीर्षकांत गुलाबी चौकोन उमटले. अक्षर फॉन्टमध्ये नसलं की इनडिझाइन गुलाबी पट्टा दाखवतं. शीर्षकांचा ठसठशीत फॉन्ट जुना होता, क्लायंटच्या ब्रँडचा, त्यात सुटी शेपटीच नव्हती. ती भाषेनुसार रूप बदलण्याची सोय तरी कुठून असणार? म्हणजे शीर्षकांत इतकी वर्षं उघड उघड तुर्की एस छापला जात होता. कपाटातून मागच्या तीन आवृत्त्यांचे छापील नमुने काढले, भिंग लावलं. पत्रकात सहा ठरलेले विभाग असतात. पहिल्याचं शीर्षक ‘हे औषध काय आहे आणि ते कशासाठी वापरतात’. त्यातल्या ‘आणि’ला, त्या ‘शि’ला, तिन्ही नमुन्यांत जोडलेली शेपटी. भिंगाशिवायही दिसत होती. मी स्वतः त्यातल्या दोन नमुन्यांवर सही केलेली आहे. तिकडच्या, ज्यांची ती मातृभाषा आहे, त्यांनीही केलेली आहे.

मेल टाकला, चित्रांसकट, बाणांसकट. मला वाटलं खळबळ उडेल. पंचवीस मिनिटांत उत्तर आलं: मजकूर वर्डप्रमाणे, शीर्षकं मागच्या मंजूर आवृत्तीप्रमाणे. आभारी आहोत. बस्स. नव्या फॉन्टचा परवाना घ्यायचा म्हणजे ब्रँड विभाग, मग खरेदी विभाग, मग सगळ्या देशांची सगळी पत्रकं. मी समजू शकते. तरी त्या ‘आभारी आहोत’चा राग आला.

पावणेसातला फाईल सोडली. मॅनेजरनी “उशीर झाला, पण ठीक आहे” असं, म्हणजे ठीक नाही असं, सांगितलं. मला मात्र मूठभर मांस चढलं होतं. बसमध्ये बसून नवऱ्याला सगळी कथा सांगितली, त्याने सेडिला म्हणजे काय विचारायचं धाडस केलं नाही.

आठ वाजून दहा मिनिटांनी ऑपरेटरचा फोन. “ताई, तुर्कीमध्ये फरक येतायत. चारशेच्या वर.”

मला पुढचं सांगायची गरजच नव्हती. त्याच औषधाचं तुर्की पत्रक शेजारी उघडं होतं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं होतं. शोधा-बदलाच्या खिडकीत कुठे शोधायचं याचा एक पर्याय असतो: हा मजकूर, ही फाईल, सगळ्या उघड्या फायली. माझा शेवटच्यावर होता. ज्या भाषेत जोडलेली शेपटी बरोबर, तिथली प्रत्येक शेपटी मी तोडली होती. वर सेव्हही केली होती. आणि तुर्कीत हे फॉन्टने झाकलंही नाही, सुटी शेपटी सरळ दिसत होती, नऊ पॉइंटात. मी घरी निघण्याआधी ती पानं शेवटची चाळली होती. पंधरा वर्षं नुसती अक्षरं बघणारी मी.

तो थांबला होता कशाला, तर दुपारचं ऐकून त्याने सकाळी जाणाऱ्या सगळ्या फायली पुन्हा तुलनेला लावल्या होत्या. कोणी सांगितलं नव्हतं. दुपारी त्याला मी मनातल्या मनात इग्नोरवाला म्हटलं होतं. फोनवर त्याने फक्त एवढंच विचारलं, “बॅकअपमधली घेऊ ना?” मॅनेजरना त्याने सांगितलं नाही. ते मीच सांगितलं, दुसऱ्या दिवशी.

त्रुटीचा फॉर्म भरावा लागतो. ‘मूळ कारण’ या चौकटीत तीनच पर्याय: मानवी चूक, प्रणालीची चूक, क्लायंटचा बदल. तुर्कीसाठी मी मानवी चूक निवडलं, त्यात वाद नाही. रोमानियन शीर्षकांसाठी फॉर्म भरायचा की नाही हे मात्र कोणालाच ठरवता आलं नाही. मंजूर गोष्टीला त्रुटी म्हणता येत नाही असं गुणवत्ता विभागाचं म्हणणं. त्यांचं म्हणणं नेहमी असं असतं की त्यांना काही करावं लागत नाही.

छापील नमुने मागच्या आठवड्यात आले. एक माझ्या खणात आहे. पहिल्या विभागात वर शीर्षक, ‘शि’ जोडलेल्या शेपटीचा. खाली बोटभर अंतरावर मजकूर, ‘शि’ सुट्या शेपटीचा. आधी निदान पत्रकभर आत एकच चूक होती. आता एका पानावर दोन एस आहेत, आणि ते माझ्यामुळे आहेत.

काल पुढच्या बदलाची वर्ड फाईल आली. ऑपरेटरने खुर्ची वळवून विचारलं, “ताई, बेसला कुठली आवृत्ती घेऊ?” मी म्हटलं, जेवून येते, मग बघू.