मापाची सायकल: तीन खेपा आणि परतीचे २१० किलोमीटर

माझ्या मापाची पोलादी सायकल करून घ्यायला पहिल्या खेपेला वर्कशॉपमध्ये शिरलो तेव्हा खिशात दोन पानी यादी होती. नळ्या कोणत्या कंपनीच्या, पत्रा किती जाड, लगची, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या पोलादी बाहीची, नक्षी कशी, सगळं लिहून नेलं होतं. कारागिराने यादी वाचली, नीट घडी घातली आणि मलाच परत दिली. "आत्ता जिच्यावर बसता तिच्यावर काय दुखतं?" एवढंच विचारलं.

ऐंशी किलोमीटरनंतर मान. डाव्या हाताचा तळवा बधिर होतो. आणि हळू वेगात वळताना बुटाचं टोक पुढच्या मडगार्डला लागतं. "मग हे लिहून आणायचं होतं," तो म्हणाला.

म्हणून पहिला सल्ला. जुनी सायकल सोबत न्या. रात्रभराचा प्रवास, चाकं काढा, पिशवीत भरा, या कटकटीला कंटाळून मी ती घरीच ठेवणार होतो. नेली म्हणून निभावलं. बूट आणि चालवतानाचे कपडेही तेच न्या. जीन्स घालून दिलेलं माप फुकट जातं.

जुनी सायकल स्टँडवर चढवून त्याने मला वीस मिनिटं पायडल मारायला लावलं आणि स्वतः मागे स्टुलावर बसून नुसतं पाहिलं. मग भिंतीला पाठ लावून, दोन पायांत जाड पुस्तक घट्ट धरून पायाच्या आतल्या बाजूचं माप घेतलं. ८० सेंमी. याला ०.८८३ ने गुणलं की बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पायडलचा आस जिथे फिरतो त्या भागाच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची निघते, म्हणजे माझ्यासाठी ७०.६. हा जुना ठोकताळा आहे, सुरुवात करायला बरा, ब्रह्मवाक्य नव्हे. माझी सीट ७२ वर होती. प्रत्येक पायडलला कंबर डुलत होती, तोल हातांवर येत होता आणि त्यातून तळवा बधिर. त्याने सीट सेंटिमीटरभर खाली घेतली आणि ऑर्डर न घेताच मला परत पाठवलं. "महिनाभर चालवा. मग फोन करा."

महिन्याभरात तळव्याचा त्रास बराचसा गेला. म्हणजे नव्या सायकलीचं अर्धं कारण एका षटकोनी पान्याने मिटवलं होतं! तरीही ऑर्डर दिली, हा भाग वेगळा. पण हा महिना चुकवू नका. सीट, हँडल आणि पायडल यांची जागा पक्की झाली की फ्रेम त्यांच्याभोवती काढता येते. बसायची ढबच चुकीची असेल तर ती चूक पुढची तीस वर्षं लोखंडात पक्की होते.

नळ्यांबद्दल मात्र मी बराच वाद घातला. नळ्या करणाऱ्या रेनॉल्ड्स कंपनीचं ५३१ हे नाव १९३५ पासूनचं. ८५३ आली १९९५ मध्ये, जोड तापून हवेत थंड होताना तिथे ती उलट कणखर होते. मला ८५३ हवी होती, कारण ती 'जास्त जिवंत' वाटते असं सगळे म्हणतात. कारागिराने दोन नळ्या माझ्या हातात दिल्या आणि वाकवून बघायला सांगितलं. कुठलंही पोलाद घ्या, साधं की महाग, त्याचा ताठपणा जवळपास सारखाच असतो. महाग मिश्रधातू जास्त मजबूत असतो, त्यामुळे पत्रा पातळ करता येतो, वजन कमी होतं आणि त्या पातळपणातून ती लवचीक जाणीव येते. ताठपणाचा खरा खेळ व्यासाचा. पत्रा तेवढाच ठेवून नळी २८.६ वरून ३१.८ मिमीची केली तर व्यास वाढतो अकरा टक्के, पिळाला होणारा विरोध मात्र सदतीस टक्क्यांच्या आसपास. म्हणून नळीचं नाव सांगण्याआधी आपलं वजन सांगा, सोबत किती सामान नेता ते सांगा, आणि व्यास-जाडी त्याच्यावर सोडा. माझं वजन ७२ किलो. मला आडवी नळी २८.६ आणि तिरकी ३१.८ ची मिळाली, पत्रा टोकांना ०.८ आणि मध्ये ०.५. टोकं जाड आणि पोट पातळ ही युक्ती जुनी आहे, तिचं पेटंट १८९७ चं. ८५३ आली नाही. मला तिची आठवणही येत नाही.

टायर आणि ब्रेकचं मात्र आधी ठरवावंच लागतं, कारण बाकी सगळं त्यावर लटकलेलं असतं. मला २८ मिमीचे टायर आणि वर पूर्ण मडगार्ड हवे होते, चाकं आणि गिअर जुन्या सायकलचेच वापरायचे होते. जुने रिम ब्रेकही तसेच चढतील असं मी धरून चाललो होतो. त्याने पट्टी लावली. त्या ब्रेकची पोच, म्हणजे बोल्टपासून पॅडपर्यंतचं अंतर, ३९ ते ४९ मिमी. एवढ्यात २८ चा टायर आणि मडगार्ड मावत नाही, ४७ ते ५७ पोचीचे ब्रेक लागतात. फ्रेम आणि चिमट्यावरचं (पुढचं चाक धरतो तो) ब्रेकचं भोक त्या हिशेबानेच पाडतात. जुन्या ब्रेकवर विसंबून फ्रेम केली असती तर मडगार्ड आयुष्यभर माळ्यावर राहिले असते. डिस्क ब्रेक घ्यायचे असतील तर तेही आत्ताच ठरवा, कारण मग मागचं चाक बसतं तिथली रुंदी १३० ऐवजी साधारणपणे १४२ मिमी होते, आरपार एक्सल (चाकाचा आस) येतो, चिमटा जाड लागतो. नंतर मनात आलं म्हणून बदलता येत नाही.

बुटाच्या टोकाचा प्रश्न कागदावर सुटला. जुन्या सायकलचा हेड अँगल, म्हणजे हँडल ज्या नळीत फिरतं तिचा जमिनीशी कोन, ७३ अंश; चिमट्याचा रेक, म्हणजे चाकाचा आस त्या नळीच्या रेषेच्या जितका पुढे असतो ते अंतर, ४५ मिमी. नव्या चित्रात त्याने ७२.५ आणि ५० केलं. पुढचं चाक त्यामुळे आठ-नऊ मिमी पुढे सरकलं आणि ट्रेल (ती रेषा जमिनीला टेकते तिथून चाक टेकतं ती जागा जितकी मागे असते ते अंतर) ५७ वरून ५४ वर आला, म्हणजे हँडलच्या स्वभावात फारसा फरक नाही. हे तयार सायकलीत सहसा विकत मिळत नाही, विशेषतः लहान मापात. माझ्या मते मापाची सायकल करून घ्यायचं सगळ्यात सबळ कारण हेच. रंग आणि लग हे नंतरचे लाड.

चित्र आलं की घाईने 'ओके' कळवू नका. दोन दिवस भिंतीला लावून ठेवा. मी पहिल्या वाचनात दोन गोष्टी सोडल्या होत्या. पुढचा ब्रेक मी डाव्या हाताने दाबतो की उजव्या, त्यावर मागच्या केबलचे थांबे कोणत्या बाजूला लावायचे ते ठरतं. आणि लहान फ्रेममध्ये दोन बाटल्या धारकांतून बाहेर निघतात का हे बघावं लागतं. आमच्या चित्रात मागची बाटली आडव्या नळीला अडत होती, म्हणून बॉस, म्हणजे धारक बसवायचे आट्यांचे ठोकळे, वीस मिमी खाली घेतले. बॉटम ब्रॅकेट आट्यांचाच मागा, ६८ मिमीचा बीएसए मापाचा. सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, २७.२ मिमी. हे कंटाळवाणे आकडे आहेत, पण याच मापांचे सुटे भाग सहज मिळतात. बदल फोनवर सांगितला तरी नंतर लिहून पाठवा. नळ्या कापल्यावर 'मी तेव्हा म्हणालो होतो' याला अर्थ नसतो.

पाच महिने सांगितले होते, नऊ लागले. याबद्दल जास्त लिहीत नाही. एवढंच की चाकं, ब्रेक वगैरे आधी घेऊन ठेवा, पण जुनी सायकल विकून बसू नका.

दुसरी खेप खरं तर गरजेची नव्हती. जोडकाम बघायचं म्हणून हट्टाने गेलो. जमलं तर तुम्हीही जा, आणि जाण्याआधी विचारा, कारण कुणी खांद्यावरून डोकावलेलं प्रत्येकाला चालत नाही.

आडवी आणि हेडची नळी लगमध्ये बसवून पांढरा फ्लक्स (जोड गंजू न देणारा लेप) फासलेला. त्याने गॅसची ज्योत मऊ केली आणि लगभोवती फिरवत राहिला, एका जागी थांबलाच नाही. फ्लक्स आधी बुडबुडला, मग करपल्यासारखा झाला आणि अचानक काचेसारखा पारदर्शक, पाणी पाणी. "आता," तो म्हणाला. चांदीची सळई लगच्या एकाच कडेला टेकवली. ती ५६ टक्के चांदीची होती, साधारण ६५० अंशांना वाहते; पितळेला ९०० च्या आसपास जावं लागतं. सळईचं टोक नाहीसं झालं. ज्योत तो पलीकडे नेत गेला आणि लगच्या दुसऱ्या कडेला, जिथे सळई लागलीच नव्हती, एक बारीक चकचकीत रेघ उमटली. उष्णता जाईल तिकडे चांदी जाते, नळी आणि लगमधली केसाएवढी फट तिला ओढून घेते. ती रेघ पूर्ण फिरली की जोड आतून भरला. दिसली नाही तर आत पोकळी आहे, वरून कितीही घासा. संध्याकाळी फ्रेम कोमट पाण्यात, फ्लक्स विरघळायला. दुसऱ्या दिवशी कानशी.

रंग मात्र त्याने बाहेर दिला होता, आणि सगळा घोटाळा तिथे झाला. पावडर कोटिंग टिकाऊ असतं, पण थर जाड बसतो. आटे आणि चाक बसायच्या खाचा झाकून मगच रंग मारायचा असतो. आमच्या रंगवाल्याने आटे अर्धवट झाकले आणि खाचा अजिबात नाहीत. रंगाला देताना कुठे रंग नको ते फ्रेमवर टेप लावून दाखवा. तोंडी सांगणं पुरेसं नाही हे आता मला माहीत आहे.

तिसरी खेप जोडणीची. सुटे भाग घेऊन मी दोन दिवस त्याच्याच टेबलावर काम केलं. बॉटम ब्रॅकेटचे आटे त्याने टॅप फिरवून साफ केले, कडा समतल केल्या, हेडसेटच्या (हँडल फिरवणाऱ्या बेअरिंगच्या) वाट्या दाबून बसवल्या. या तीन कामांची हत्यारं घरी नसतात, ती तिथेच उरकून घ्या. बॉटम ब्रॅकेटचा उजवीकडचा कप उलट्या आट्यांचा असतो हे मला वाचून पाठ होतं, तरी पहिला हात सवयीने चुकीच्या दिशेनेच गेला. हातानेच तीन-चार वळसे सहज फिरला तर ठीक, नाहीतर काढून पुन्हा लावा. पान्याचा जोर लावायची वेळ त्यानंतरची. नळ्यांच्या आत गंज रोखणारा मेणाचा फवारा मारून फ्रेम सगळ्या बाजूंनी उलटीपालटी केली आणि खाली वर्तमानपत्र पसरून रात्रभर निथळू दिली. सीटपोस्टला भरपूर ग्रीस. पोलादी नळीत अॅल्युमिनियमचा पोस्ट कोरडा ठेवला तर दोन पावसाळ्यांत असा धरतो की करवतीनेच निघतो. तीन-चार महिन्यांनी काढून पुसून पुन्हा लावायचा.

चिमट्याची वरची नळी कापायला मी उतावीळ होतो. त्याने कापू दिली नाही. स्टेमच्या, म्हणजे हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या, वर तीन सेंटिमीटर स्पेसर (कड्या) ठेवले, दिसायला भयंकर. पाचशे किलोमीटरनंतर हँडल कुठे हवं ते कळेल, मग काप. त्याचं बरोबर निघालं, मी नंतर स्टेम सेंटिमीटरभर वर घेतलं. आधीच कापलं असतं तर ते घेता आलं नसतं.

फ्रेम १८५० ग्रॅम भरली, पूर्ण सायकल मडगार्डसह साडेनऊ किलोच्या जरा वर. हलकी नाही. काट्यावर चढवून कुणाला दाखवायची असेल तर पोलादाच्या वाट्याला जाऊ नका.

परत यायला दोन दिवस आणि २१० किलोमीटर. पहिल्या चाळीस किलोमीटरमध्ये मी सारखा खाली वाकून बघत होतो, जे धोकादायक आहे. एका गेटपाशी मुद्दाम हळू वळलो, पाय पुढे ठेवून. बुटाचं टोक आणि मडगार्ड यांत बोटभर जागा. हसू आलं.

त्यानंतर पहिला जरा मोठा चढ आला. उभा राहून जोर दिला तर मागून खर्रर्र. पायडल थांबवलं की गप्प. मला वाटलं बॉटम ब्रॅकेट, मीच बसवलेला, मीच बिघडवला. उतरून बघतो तर मागचं चाक तिरकं होऊन टायर डाव्या चेनस्टेला (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकापर्यंतची नळी) घासतोय. क्विक रिलीज, म्हणजे चाक पक्कं धरणारी कळ, सकाळी घट्ट होतं, आता बोटाने फिरत होतं. खाचेतला जाड रंग दाबाखाली पिचला होता आणि चाकाची पकड सुटली होती. रस्त्याकडेला बसून खिशातल्या चाकूने दोन्ही खाचांचा रंग आतून-बाहेरून खरवडला, धातू उघडा केला, चाक नीट बसवून दाबलं. त्यानंतर दोन दिवस आवाज नाही. पावडर कोटिंग केलेली फ्रेम आणि क्विक रिलीज असेल तर निघण्याआधीच हे करा. केलं नसेल तर पहिल्या दहा किलोमीटरवर उतरून चाक तपासा, पुढचंही.

उघड्या धातूवर तेलाचा हात फिरवला की झालं. चेनस्टेच्या आत टायरने जी बोटभर जागा घासली होती तिला मात्र रंगच लागतो, नाहीतर तिथूनच गंज धरतो. म्हणून फ्रेम ताब्यात घेताना त्याच रंगाची एक छोटी बाटली मागून घ्या. माझी पहिल्याच मुक्कामी उघडावी लागली.